हँडिकॅप आहे, सर्टिफिकेट नाही

आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला तेव्हा माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, ‘गोल्फ व्ह्यू’. हा व्ह्यू आमच्या फ्लॅटमधून नेमका कुठून दिसतो, ते शोधायला मला चार महिने लागले. हॉलमधून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात, बेडरूममधून त्याच इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. मग एके दिवशी गीझर का तापत नाही ते बघायला बाथरूममधली बादली पालथी घालून मी तिच्यावर चढलो आणि वरच्या झरोक्याच्या काचांमधून काहीतरी हिरवंगार दिसलं. त्या हिरवळीवर पांढऱ्या टोपीतला एक माणूस वाकून उभा होता. बराच वेळ तो काहीच करत नव्हता. मला वाटलं, हाही आपल्यासारखा बँकेतून निवृत्त झालेला असणार.

तो बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. स्थापना १९२७. म्हणजे १९४८ मध्ये राज कपूरनं इथं चेंबूरला स्टुडिओ काढला त्याच्या आधीचा, माहुलच्या रिफायनरीच्या आधीचा, खतांच्या कारखान्याच्या तर खूपच आधीचा. युनियन पार्कात राहणारे अशोककुमार गेले, आर. के. स्टुडिओही विकला गेला, पण या हिरवळीवर वाकून उभी राहणारी माणसं अजून तशीच उभी आहेत. ज्या चेंबूरमध्ये एका स्कूटरच्या पार्किंगवरून दोन भाऊ कोर्टात जातात, तिथं चार माणसं एकेका चेंडूमागे एवढ्या जमिनीवरून निवांत चालत जातात, हे दृश्य मला फार आवडलं. मी रोज सकाळी बादलीवर चढू लागलो. पंधरा-वीस मिनिटं. बायकोचा आधी गैरसमज झाला, मग तिनं डॉक्टरांना विचारलं, आणि शेवटी खरं काय ते कळल्यावर तिनं फक्त बादली बदलून जाड प्लॅस्टिकची आणली.

अशा रीतीनं मी आमच्या सोसायटीतला गोल्फचा जाणकार झालो. दुसरा उमेदवारच नव्हता.

आता हे प्रकरण पुढे का चिघळलं ते समजायला माझी जडणघडण सांगायला हवी. माझं सगळं आयुष्य वेटिंग लिस्टमध्ये गेलं आहे. टेलिफोनसाठी नऊ वर्षं, गॅससाठी तीन, बजाज स्कूटरसाठी तर इतकी, की नंबर लागला तेव्हा मला पाठदुखी सुरू झाली होती. बँकेत ऑफिसरच्या बढतीच्या पॅनेलवर मी सलग पाच वेळा ‘राखीव क्रमांक एक’ होतो. गावी जाताना माझं तिकीट कायम आरएसी, म्हणजे अर्धा बर्थ आपला आणि उरलेल्या अर्ध्यावर एक घोरणारे गृहस्थ. त्यामुळे कुणाचं तरी रद्द होऊन कुणाचा तरी नंबर लागला, अशी बातमी वाचली की माझे डोळे भरून येतात.

जुलै २०२१ मध्ये ती बातमी आली. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो नावाच्या गोल्फपटूनं टोकियो ऑलिंपिकमधून माघार घेतली आणि त्याच्या जागी आपल्या उदयन मानेचा नंबर लागला.

ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये पुरुषांच्या जागा मोजून ६०. जागतिक क्रमवारीत पहिल्या पंधरात असाल तर एका देशाचे चार जण जाऊ शकतात, त्याखाली एका देशाचे जास्तीत जास्त दोन. मोठमोठ्या देशांची रांग दोन-दोनवर अशी कापत गेलं की यादी खाली सरकत सरकत फार खोल जाते. आपला अनिर्बान लाहिरी कसाबसा साठाव्या जागेवर बसला होता. उदयन माने त्याच्याही खाली, जागतिक क्रमवारीत ३५६वा आणि राखीव यादीत. त्यातच ग्रिलोनं तिकीट रद्द केलं आणि चार्ट तयार होता होता पुण्याच्या पोराचं आरएसी कन्फर्म झालं! मी पेपर हातात घेऊन घरभर फिरलो. हा माणूस माझा होता. आडनाव वेगळं, वय निम्म्याहून कमी, आणि तो खेळायचा, एवढाच काय तो फरक.

कासुमिगासेकीच्या कोर्सवर त्यानं पहिल्या दिवशी ७६ फटके मारले आणि साठांमध्ये साठावा राहिला. मी टीव्हीसमोर पाट ठेवून बसलो होतो. मग त्यानं ६९, ७० आणि ७२ मारले आणि शेवटी ५६वा आला. लोक म्हणाले, छप्पन्नावा म्हणजे काय! मी म्हटलं, अहो, आरएसीवर चढलेला माणूस चार माणसांना मागे टाकून उतरला, तुमच्यापैकी कुणी कधी टाकलंय?

हे सगळं मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्या मजकुरात टाकलं. त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “काका, तुम्ही पण खेळता का?”

मी लिहिलं, “खेळायचो.”

या एका शब्दानं माझा घात केला. वास्तविक १९९६ साली बँकेच्या ट्रेनिंग सेंटरच्या लॉनवर एका साहेबाची काठी मी तीन मिनिटं हातात धरली होती आणि चेंडूला हळूच टोकरलं होतं. भूतकाळी क्रियापद म्हणून ‘खेळायचो’ चुकीचं नव्हतं. पण लोकांनी त्यातून वेगळाच माणूस उभा केला.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत माझं व्याख्यान ठरलं. विषय ‘आंतरराष्ट्रीय गोल्फ स्पर्धा आणि त्यांची पात्रता’. वेळ संध्याकाळची सात ते साडेसात, आरतीपूर्वी, म्हणजे प्रसादासाठी लवकर आलेल्यांना पळ काढता येऊ नये अशी.

तयारी मात्र मी कसून केली, ते खोटं नाही. आणि जसजसा वाचत गेलो तसतसं माझ्या लक्षात आलं, की गोल्फ हा खेळ नसून वेटिंग लिस्ट चालवण्याची एक जागतिक व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या मास्टर्सला तर अर्जच करता येत नाही. ते आमंत्रण पाठवतात, आपण वाट बघायची. आपल्याकडून तिथं पोचणारा पहिला माणूस जीव मिल्खासिंग, तोही २००७ साली. यू. एस. ओपनला उलट दहा हजारांहून अधिक लोक अर्ज करतात आणि शेवटी मैदानात उतरतात १५६. आधी स्थानिक पात्रता फेरी १८ होलची. तीतून तरलात तर अंतिम पात्रता फेरी, एकाच दिवशी ३६ होल. दिवस उजाडताना चालायला लागायचं आणि मावळताना कळायचं की आपण एका फटक्यानं बाहेर. या दोन्ही चाळण्यांतून येऊन थेट अजिंक्यपद मिळवणारेही झाले आहेत, १९६४ मध्ये केन व्हेंचुरी आणि १९६९ मध्ये ऑरव्हिल मूडी. बाकीच्यांनी घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल, याची नोंद इतिहासात नाही.

अमेरिकेच्या नेहमीच्या पीजीए टूरवर आणखी एक गंमत असते, मंडे क्वालिफायर. स्पर्धा गुरुवारी सुरू होणार, त्यातल्या थोड्या जागा सोमवारी खेळून मिळवायच्या. ऑगस्ट २०१० मध्ये आपला अर्जुन अटवाल अशा अवस्थेत होता, की त्याचं टूरकार्ड, म्हणजे तिथं खेळायचा परवाना, गेलेलं. तो सोमवारी रांगेत उभा राहिला, आत शिरला आणि रविवारी विंडहॅम चॅम्पियनशिप जिंकूनच बाहेर आला. पीजीए टूरवर जिंकलेला पहिला भारतीय. हे सांगताना माझा आवाज इतका चढला की मखराच्या मागून कार्यकर्ता डोकावला. त्याला वाटलं आरती सुरू झाली.

आपल्याकडे २००६ पासून पीजीटीआय ही व्यावसायिकांची टूर आहे, तिच्या स्पर्धा आमच्या चेंबूरच्या कोर्सवरही झालेल्या आहेत. तिचं कार्ड हवं तर क्यू स्कूल नावाची परीक्षा. शाळा नाही, पुस्तक नाही, मास्तर नाही, नुसतीच परीक्षा. आणि तिथूनही वर जाता येतं. महूच्या कोर्सवर लहानपणी कॅडीगिरी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहण्याचं काम, करणारा ओमप्रकाश चौहान २०२३ मध्ये पीजीटीआयच्या यादीत पहिला आला आणि त्याला युरोपातल्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळालं. हे अर्थातच माझ्या व्याख्यानानंतरचं, पण इथं सांगून टाकतो, कारण नंतर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं चांगलं उरणार नाही.

प्रश्नोत्तरांत तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, “या सगळ्या स्पर्धांना ओपन का म्हणतात?”

मी म्हटलं, “ओपन म्हणजे खुली. कुणीही यावं.”

“तुम्हीही?”

“तत्त्वतः.”

पोस्टमास्तरांच्या नातीनं तिथल्या तिथं मोबाइलवर बघून वाचून दाखवलं, की हौशी खेळाडूचा हँडिकॅप अमुक इतका हवा. यू. एस. ओपनसाठी आज तो ०.४ किंवा त्याहून कमी लागतो. हँडिकॅप म्हणजे तुम्ही चांगल्या खेळाडूपेक्षा साधारण किती फटके जास्त मारता त्याचा अधिकृत आकडा. सर्वांत जास्त ५४ असू शकतो. आणि ०.४ म्हणजे जवळपास एकही फटका जास्त नाही. सभेत हशा पिकला. तेव्हा मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट.

हा इंग्लंडमधला बॅरो-इन-फर्नेसचा क्रेन चालवणारा माणूस. वय ४६. टपालानं मागवलेला काठ्यांचा अर्धा सेट, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक आणि समुद्रकिनाऱ्यावरचा सराव, एवढ्या भांडवलावर त्यानं १९७६ च्या ब्रिटिश ओपनचा अर्ज भरला. अर्जात हौशी म्हटलं तर हँडिकॅपचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून त्यानं सरळ ‘व्यावसायिक’ या चौकोनात खूण केली. कुणी विचारलंच नाही! फॉर्म्बीच्या कोर्सवर पात्रता फेरीत त्यानं १२१ फटके मारले. पहिल्या नऊ होलला ६१, पुढच्या नऊला ६०, म्हणजे सुधारणा दिसत होती. पारच्या, म्हणजे कोर्सनं ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, वर ४९. त्याच्याबरोबर खेळलेल्या दोघांची फी संयोजकांनी परत केली आणि पुढे त्याला बंदी घातली. पण पठ्ठ्या नाव बदलून, मिश्या लावून पुन्हा पुन्हा येत राहिला. त्या वर्षीची ओपन जॉनी मिलरनं जिंकली, पण पिक्चर निघाला फ्लिटक्रॉफ्टवर.

टाळ्या पडल्या. व्याख्यान माझ्या अपेक्षेपेक्षा बरं झालं, आणि पहिल्या रांगेत माझा मेहुणा बसलेला होता.

मेहुणा एका बड्या कंपनीत आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्यात तिचा काहीच दोष नव्हता. अशा कंपन्यांच्या हौशी गोल्फ स्पर्धा असतात. चार-चार जणांच्या टीम, शहरातली फेरी जिंकली की देशाची, देशाची जिंकली की थेट परदेशात. व्याख्यानानंतर दीडेक वर्षानं एका शुक्रवारी रात्री मेहुण्याचा फोन आला. त्यांच्या टीममधला चौथा माणूस ऐन वेळी लग्नाला इंदूरला निघून गेला होता.

“भाऊजी, उद्या सकाळी सहाला. तुम्ही येताय.”

“अरे, पण मी…”

“राखीव खेळाडूचा नंबर लागलाय, भाऊजी.”

त्याला माझी नस बरोबर ठाऊक होती. मी हो म्हटलं. खरं तर त्या क्षणी मला टोकियो दिसत होतं.

तुम्हाला वाटेल, माझ्याकडे काठ्या कुठून आल्या. व्याख्यानाच्या यशानंतर मी चोर बाजारात जाऊन एक अर्धा सेट आणला होता. नियमानुसार बॅगेत १४ काठ्यांपर्यंत चालतात, माझ्याकडे सात होत्या. त्यातल्या दोन डावखुऱ्या निघाल्या, हे घरी आल्यावर कळलं. दुकानदार म्हणाला होता, “साब, दोनों हाथ से खेल सकते हो.” मला तो सेटचा फायदा वाटला. सरावासाठी मी गच्चीवर जायचो. चेंडूखाली काथ्याचं पायपुसणं ठेवायचं आणि मारायचं. पहिल्या दिवशी पायपुसणं उडून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर पडलं. चेंडू जागेवर होता. दुसऱ्या दिवशी सहा नंबरची काठी पाण्याच्या टाकीच्या पाइपावर बसली, बी विंगला तीन तास पाणी नव्हतं. सेक्रेटरींनी सराव थांबवला. एकूण सराव दोन दिवस.

शनिवारी पहाटे आम्ही खाडीपलीकडच्या एका कोर्सवर पोचलो. कॉलरचा टी-शर्ट सक्तीचा होता. माझ्याकडे कॉलरचा एकच, बँकेच्या १९९८ च्या क्रीडा महोत्सवाचा. त्याच्या पाठीवर ‘खो-खो’ असं लिहिलेलं होतं.

नोंदणीच्या टेबलावर एक हसतमुख मुलगी बसली होती. तिनं नाव लिहिलं आणि विचारलं, “सर, हँडिकॅप?”

तोपर्यंत मी हँडिकॅपवर वीस मिनिटं बोलून टाळ्या घेतलेला माणूस होतो. पण पहाटे साडेपाच वाजता, चहाशिवाय, रांगेत मागे सहा जण उभे असताना, बत्तीस वर्षांची बँकेची नोकरी माणसाच्या तोंडून बोलते. माझ्या डोळ्यांसमोर बँकेच्या अर्जातला अपंगत्वाचा तो जुना रकाना आला, आणि डावा गुडघा तर दुखतच होता. मी म्हणालो, “आहे, पण सर्टिफिकेट नाही.”

“चालेल सर, नंतर मेल करा. किती?”

“किती म्हणजे… चढताना जास्त.”

ती हसली. तिला वाटलं, साहेब विनोदी आहेत. “चोवीस लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं. रांग पुढे सरकायला हवी होती.

माझ्या वाट्याला आलेला कॅडी साठीचा होता, बोलण्यावरून कराड-पाटणकडचा. त्यानं माझी बॅग उचलली, आतल्या काठ्या एकेक बाहेर काढून पाहिल्या, डावखुऱ्या दोन वेगळ्या केल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं गावाकडचे वैद्य नाडी धरून बघतात. “सायेब,” तो म्हणाला, “किती वरसं झाली खेळून?”

मी म्हटलं, “बरीच.”

“दिसतंय,” तो म्हणाला. त्यानंतर पहिल्या टीपर्यंत तो बोलला नाही.

पहिल्या टीवर मेहुण्यानं मारला, चेंडू गेला. त्याच्या दोन्ही सहकाऱ्यांनी मारले, तेही गेले. मी उभा राहिलो. गुडघे वाकवले, डावा हात सरळ ठेवला, ऑलिंपिकमध्ये पाहिलेलं सगळं आठवलं आणि काठी फिरवली. मोठा सुंदर आवाज झाला, झूऽऽ असा. मी कपाळावर हात ठेवून लांबवर बघत राहिलो. सगळेच बघत होते. मग कॅडी खाकरला. “सायेब, बॉल हितंच हाय.”

दुसऱ्या वेळीही तिथंच होता. तिसऱ्या वेळी गवताचा एक मोठा तुकडा उडून मेहुण्याच्या बॉसच्या बुटावर पडला. चौथ्या फटक्यात चेंडू हलला, पण मागच्या दिशेनं. गोल्फमध्ये चेंडू मागे जाऊ शकतो हे मला व्याख्यानाच्या तयारीत कुठंही वाचायला मिळालं नव्हतं. पाचव्याला तो पुढे गेला, उजवीकडच्या झाडाला लागला आणि बंकरमध्ये पडला. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. त्यात मी उतरलो आणि पुढची सात मिनिटं मी लोकांना दिसत नव्हतो, फक्त ठरावीक वेळानं वाळू वर येताना दिसे. अखेर कॅडीनं वरून विचारलं, “सायेब, हातानं टाकू का भायेर?”

मॉरिस फ्लिटक्रॉफ्टनं पहिल्या नऊ होलमध्ये ६१ फटके मारले होते. माझे सहा होलमध्येच ७१ झाले होते. हा आकडा कॅडीचा. मी मोजणं सोडलं होतं. त्या दिवशी मला त्या क्रेनवाल्याबद्दल जो आदर वाटला तो शब्दांत सांगता येणार नाही. सर्वांसमोर १२१ फटके मारायला माणसाला १२१ वेळा काठी उचलावी लागते.

पण टीमला माझा त्रास नव्हता, कारण प्रत्येक होलवर चौघांपैकी फक्त दोन उत्तम गुण धरायचे होते. माझे बाकीचे फटके म्हणजे संसदेतलं शून्य प्रहरातलं भाषण. मी शांतपणे मागून चालत होतो, बॉसचे हरवलेले चेंडू शोधून देत होतो आणि माझी लायकी ओळखून आनंदात होतो. त्या आनंदात सातव्या होलवर अनर्थ झाला.

सातवा होल छोटा, पार तीनचा. मधे बंकर, पलीकडे ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ. मी सहा नंबरची, म्हणजे ती पाइपावर वाकलेली काठी घेतली. चेंडू उडाला नाहीच, जमिनीवरून सरपटत निघाला, उंदीर पळावा तसा. उन्हानं वाळू कडक झालेली होती. तो बंकरमध्ये घुसला, तिथल्या चढावरून वर आला आणि ग्रीनवर जाऊन झेंड्यापासून दहा पावलांवर थांबला. कोणी काही बोललं नाही. मी दोन टोल्यांत तो होलमध्ये ढकलला. म्हणजे पार. आणि चोवीस हँडिकॅपवाल्याला त्या होलवर एक फटका माफ असल्यानं गुण मिळाले तीन. बाकीचे तिघे त्या होलवर झाडीत होते.

कॅडी पहिल्यांदा हसला. “वाकडी काठीच लागतीय तुमाला,” तो म्हणाला.

संध्याकाळी निकाल लागला. बारा टीम होत्या, पहिल्या दोन देशपातळीवर जाणार होत्या. आमची टीम दुसरी आली. तिसऱ्या टीमपेक्षा एका गुणानं पुढे.

हे वाक्य पुन्हा वाचा. मी क्वालिफाय झालो होतो! आयुष्यात पहिल्यांदा यादीत, यादीखालच्या रेघेखाली नाही, तर थेट यादीत. मेहुण्यानं मला मिठी मारली. बॉसनं बुटावरचं गवत विसरून माझ्याशी हात मिळवला. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, ‘खो-खो’ दिसणार नाही अशा कोनातून. पोस्टमास्तरांनी अंगठा पाठवला. तळमजल्यावरून पेढे आले.

चौथ्या दिवशी संयोजकांचा मेल आला. पुढच्या फेरीसाठी चारही खेळाडूंची हँडिकॅप सर्टिफिकेटं आठ दिवसांत पाठवावीत. त्याशिवाय शहराच्या फेरीचे गुणही ग्राह्य धरता येणार नाहीत.

मेहुणा घरी आला. “भाऊजी, तुमचं चोवीसचं सर्टिफिकेट कुठल्या क्लबचं आहे?”

मी त्याला बाथरूममध्ये नेलं आणि बादली दाखवली.

तो बराच वेळ बादलीकडे बघत होता. मग काही न बोलता बाहेर जाऊन सोफ्यावर बसला. बायकोनं त्याला पाणी दिलं. ती त्याची सख्खी मोठी बहीण आहे, तिनं एवढंच विचारलं, “यांना विचारल्याशिवाय नेलंसच कसं?” म्हणजे मला नव्हे, तिला विचारल्याशिवाय.

फ्लिटक्रॉफ्टचा धडा मी माझ्या तोंडानं दीडशे लोकांना सांगितला होता. हा खेळ तुमच्या स्कोअरवर एक वेळ हसून घेतो, कागदावर नाही. आठव्या दिवशी मेहुण्याच्या टीमनं ‘अपरिहार्य कारणास्तव’ माघार घेतली. त्याच संध्याकाळी तिसऱ्या क्रमांकाच्या टीमला फोन गेला, की तुमचा नंबर लागला आहे. ती माणसं कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण त्या रात्री कुठल्या तरी घरात एखादा माणूस बायकोला हाका मारत इकडून तिकडे फिरला असणार. उदयन मानेला जसा ग्रिलो भेटला तसा त्यांना मी भेटलो. पुढे कळलं, की देशपातळीच्या फेरीत ते शेवटून दुसरे आले.

मेहुणा दिवाळीला आला, भाऊबीज घातली, माझ्याशी फक्त हवामानावर बोलला. बादली आता बायकोनं धुण्यासाठी घेतली आहे.

अर्धा सेट विकणे आहे. काठ्या सात, पैकी दोन डावखुऱ्या. सहा नंबरची थोडी वाकलेली आहे, पण ती सरळ करून घेऊ नये.